पोदेराचा हॉर्न

पेडणे, मंगळवार, तिन्हीसांज

चारशे वर्षांपूर्वीची विलायती गाणी मी का गाते आहे, ते आज माझं मलाच सांगता येईना. साथीला ल्यूट हे जुनं तंतुवाद्य, त्याचा आवाज इतका नाजूक की रेकॉर्डिंगला पंखाही बंद. जत्रेच्या स्टेजवर पॉप गाऊन कमावलेला माझा गळा त्याच्यापुढे नुसता आरडाओरडा वाटतो. सकाळभर चोपडे गावातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत घाम पुसत गायले. एकदाच, फक्त एकदाच गाणं मनासारखं लागलं, आणि शेवटच्या ओळीवर बाहेर पोदेराने हॉर्न वाजवला. पाववाल्याला तरी काय म्हणणार? पुन्हा तसं जमलंच नाही.

तेच रेकॉर्डिंग आत्ता आईला ऐकवलं. माझी नाचाची गाणी ती भांडी घासताना गुणगुणते. आज मात्र हात मांडीवर ठेवून बसली, परक्या घरी बसावं तशी. मी तिचा चेहरा बघत राहिले. काहीच नाही. मग रेकॉर्डिंगमधला हॉर्न वाजला आणि चेहरा उजळला.

"पोदेर इलो गो! पिशवी खंय?"

पिशवी घेऊन ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा.

उद्या तेवढा हॉर्न कापून टाकायचा आहे.