तळघरातून आलेला आवाज

मंगळवार, १२ जुलै २०११, पनवेल

नव्या हॉस्पिटलसाठी वॉकीटॉकी व्हीएचएफ लहरींचेच घ्यायचे, हा माझा हट्ट. मोरा बंदरात बाबांच्या होडीवर ते खणखणीत चालतात. इथे तळघरात नुसती खरखर. आणि भिंतींतूनही पोचणारे यूएचएफ घ्या म्हणणारा नीलेश माझ्याच हाताखाली शिकलेला. आज त्याचा एक सेट माझ्या हातात देऊन तो हॉस्पिटलच्या साहेबांबरोबर तळघरात उतरला. मी चौथ्या मजल्यावर एकटाच.

“दादा, आवाज येतोय काय?”

स्वच्छ आला. मी गप्प. त्याने पुन्हा विचारलं. इतकं का जळावं मी? तरी गप्पच. बोलायचं बटण दाबलेलंच ठेवून तो साहेबांना म्हणाला, “आवाज पोचला नसंल, साहेब. दादा आयकून गप बसनारा मानूस नाय.”

तेही स्वच्छ ऐकू आलं.