डावीकडच्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, निवृत्त मुद्रितशोधक, वय वर्षे एक्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा निर्वाळा खालच्या मजल्यावरील दातांच्या डॉक्टरांनी तोंडी दिला आहे. तो त्यांच्या विषयाबाहेरचा आहे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते, तर हा मजकूर इतका लांबला नसता.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरील राहते घर पत्नीच्या हयातीत पूर्णपणे तिचे. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना समसमान. ठेवी तिच्याच नावे आहेत, त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मात्र तिला विचारल्याशिवाय या घरातील एकही वस्तू जागची हलवू नये. तिची दृष्टी गेल्यापासून हे घर तिला हाताने पाठ आहे. हौसेने टेबल सरकवणारा आपल्या घरी निघून जातो, ठेच तिला लागते.

कलम २. माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे धाकटे बंधू, निवृत्त विमा एजंट, यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. एक तर ते याचे साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हा नियम मी पाळतो. दुसरे असे की, माझ्या निवृत्तीच्या दिवशी भरल्या घरात त्यांनी विचारले होते, "काय भाऊजी, केस पिकले आणि आता कार्टून?" पाहुणे हसले. मी हसलो नाही. अद्याप हसलेलो नाही. पुढे याच गृहस्थांनी माझ्या घरी एक अख्खा चित्रपट घोरत काढला आणि निघताना तो आवडल्याचे सांगितले.

कलम ३. कपाटातील सर्व जपानी चित्रपट व अ‍ॅनिमेशन मालिका, डिस्कसह आणि डब्यांसह, नातीला. त्यांच्यासोबत माझी मतेही तिच्याकडे जातात. ती वेगळी काढून नाकारता येणार नाहीत.

पहिले मत असे की, हाताने काढलेला चित्रपट खऱ्या माणसांच्या चित्रपटापेक्षा कमी दर्जाचा मानणाऱ्याने आधी जिना पाहावा. खरी नटी पिशवी घेऊन जिना चढते, तेव्हा तिचा हात दुखतो आणि पिशवी आपोआप दुसऱ्या हातात जाते. चित्रातल्या मुलीचा हात दुखत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो दुखला असता, हे कोणीतरी बसून विचारात घेतलेले असते आणि मग पिशवीचा हात बदलून काढलेला असतो. मी उभी हयात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली. कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या बरोबरपणाला दाद कशी द्यावी, हे मला या लोकांनी शिकवले.

तलवारीच्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांत तलवार जितकी उशिरा म्यानाबाहेर येईल, तितका चित्रपट थोर. सुरुवातीलाच आली, तर नातीने खुशाल चहा टाकायला उठावे.

लांबलचक मालिकांवर माझे प्रेम आहे, पण ते आंधळे नाही. दोन योद्धे हवेत लटकून एकमेकांना आपापला डाव समजावून सांगतात आणि असे भाग आठवडेच्या आठवडे चालतात. हाणामारीच्या ऐन भरात इतके सविस्तर बोलणारे लोक मी आमच्या सोसायटीच्या सभेखेरीज कोठे पाहिले नाहीत. तरीही सांगतो, खलनायकाला आई असते, त्याच्याही घरी भांडी घासायची उरलेली असतात, हे या मालिकावाल्यांनी दाखवावे आणि इतरांनी शिकावे. त्याला हरवल्यावर ते आपल्याला नुसता आनंद होऊ देत नाहीत. हा मोठेपणा आहे.

दुसऱ्या भाषेतील आवाज चढवलेली प्रत या घरात लावू नये. तिच्यातल्या आजोबांचा आवाज कोणीतरी पंचविशीतला तरुण घसा खरवडून काढत असतो, हे तात्काळ कळते. मूळ आवाज ऐकावा, खालच्या ओळी वाचाव्यात, आणि त्या ओळींतील चुका मनातल्या मनात दुरुस्त कराव्यात. मोठ्याने करू नयेत. पत्नीची तशी सूचना आहे.

कलम ४. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. पडद्यासमोर दोन खुर्च्या आहेत. उजवी पत्नीची, डावी माझी. तिची दृष्टी गेल्यापासून मी डावीकडे बसून खालच्या ओळी मराठीत सांगतो आणि चित्रही सांगतो. त्याची शिस्त आहे. रंग आधी सांगावेत, कारण रंग तिने पाहिलेले आहेत. पुढे काय होणार, हे मुळीच सांगू नये. आणि पडद्यावर शांतता असेल, तेव्हा सांगणाऱ्यानेही गप्प बसावे.

हे शेवटचे सर्वांत अवघड. जपानी दिग्दर्शकांची खरी ताकद गप्प बसण्यात आहे. पत्नीच्या सर्वांत आवडत्या अ‍ॅनिमेशनपटात नावाड्याची मुलगी नदीच्या धक्क्यावर बापाची वाट पाहत बसते आणि बर्फ पडू लागतो. संवाद नाही, संगीत नाही, बर्फाला आवाज नाही. दिसत नसलेल्या माणसाला तेथे काहीच उरत नाही; यंत्र बंद पडले की काय, असे वाटते. मी अशा वेळी तिच्या मनगटावर हात ठेवतो. हात आहे तोवर बर्फ पडतो आहे, हे तिला कळते.

माझ्यानंतर या खुर्चीत कोण? मी सर्वांना बसवून पाहिले. मुलगा म्हणाला, "आई, इथं काही नाहीये, पुढे घेतो." मुलीला शांतता सोसेना, ती सारखी "किती सुंदर आहे गं" म्हणत राहिली. सुंदर हा निष्कर्ष आहे. तो ऐकणाऱ्याने काढायचा असतो. सुनेला उत्तम जमते, पण तिची रुग्णालयातील नोकरी पाळ्यांची, आणि नात परगावी शिकते. पत्नी म्हणाली, "तुमच्या मागे मी रेडिओ ऐकेन. उगाच कोणाला बांधून घालू नका." तिला रेडिओ आवडत नाही, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे.

सबब हे कलम अपुरे ठेवून मी छातीच्या तपासणीसाठी गेलो.

कलम ४, पुढे चालू. परतलो तेव्हा दार नुसते लोटलेले होते. मेहुणे साक्षीदाराच्या सहीसाठी ठरल्या वेळेआधीच येऊन बसले होते, आणि पत्नीने त्यांच्याकडून तोच नावाड्याच्या मुलीचा चित्रपट लावून घेतला होता. मी बूट काढण्यासाठी बोळात वाकलो. धक्क्याचा प्रसंग जवळ आला होता. या माणसाचे तोंड मी आजवर जेवतानाही मिटलेले पाहिलेले नाही. आता तो विम्याच्या हप्त्यांचा विषय काढणार, असे मी गृहीत धरले.

आतून त्यांचा आवाज आला, "ताई, आता बर्फ पडतोय. संपला की सांगतो."

आणि ते गप्प झाले. तो प्रसंग मला श्वासागणिक पाठ आहे. मी हातात एक बूट घेऊन उभा राहिलो. आतून खुर्चीसुद्धा करकरली नाही. पत्नीनेही काही विचारले नाही. मुलगी उठून अंगावरचा बर्फ झटकते, नेमके तेथे मेहुणे म्हणाले, "संपला. आता उठली बघ. स्वेटर तांबडा आहे."

मी आत गेलो, तसे ते चटका बसल्यासारखे माझ्या खुर्चीतून उठले. बसा म्हटले, तरी बसेनात. शेवटी म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी मी सगळा वेळ नव्हतो घोरत. बर्फ सुरू झाला, एकदम सगळं शांत झालं, तेव्हा जाग आली. तेवढंच बघितलं होतं. तेच आवडलं होतं."

कलम ५. सबब डावीकडची खुर्ची, तिच्यावरील उशीसह, मी मेहुण्यांना देत आहे. खुर्ची याच घरात, त्याच जागी राहील. त्यांनी येऊन तीत बसावे. कलम दोनमधील 'काहीही मिळणार नाही' हे शब्द रद्द समजावेत. तेथे मी आडवी रेघ मारून आद्याक्षरे घातली आहेत. कार्टूनबाबतचे त्यांचे वाक्य मात्र रद्द केलेले नाही. ते तसेच राहील.

ज्याला काही मिळाले, त्याला साक्षीदार होता येत नाही. मेहुणे स्वतःचे पेन घेऊन आले होते. साक्षीसाठी वर आलेले दातांचे डॉक्टर म्हणाले, एका जुन्या खुर्चीसाठी कोण कोर्टात जाणार आहे. मी म्हणालो, नियम खुर्चीचे वय पाहत नाही. मेहुणे पेनचे टोपण लावत कुरकुरले, "म्हणजे एका खुर्चीपायी माझी सही गेली?"

पत्नी म्हणाली, "बस रे तू. सही काय, कोणीही करेल."

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

मृत्युपत्र करणार: (सही) निवृत्त मुद्रितशोधक

साक्षीदार १: (सही) खालच्या मजल्यावरील दातांचे डॉक्टर
साक्षीदार २: ~~पत्नीचे धाकटे बंधू~~ (सही) डॉक्टरांच्या पत्नी, ऐन वेळी वर बोलावलेल्या

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल, डावी खुर्ची रिकामी नसल्यामुळे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४