चमक

बुधवार, सरावानंतर

आमच्या संघातली रेणुका मैदानाच्या पायऱ्या उतरत होती. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवायचा, मग उजवा त्याच्याशेजारी आणायचा. खेळणे सोडल्यापासून मी असाच उतरतो.

डाव्या गुडघ्याला काय झाले, विचारले.

"चमक हाय सर."

आमच्यात सगळ्यालाच चमक म्हणतात. लचक, सूज, फाटलेला लिगामेंट. शेवटच्या हंगामात क्लबच्या डॉक्टरांना मीही चमकच सांगितली होती.

"परवा पुण्याला निवड चाचणीला जायचं नाही. आधी गुडघा दाखवू."

"पुढच्या साली वयात बसंन का मी?"

बसणार नाही. तिला माहीत आहे, मलाही.

"आन् तुमी खेळलाव की फायनल, पट्टी बांधून. तुमीच सांगता की सगळ्यांना."

सांगतो. दर वर्षी, नव्या मुली आल्या की. त्या गोष्टीत गोल आहे, टाळ्या आहेत. नंतरच्या या पायऱ्या नाहीत. आज त्या सांगायला गेलो तर म्हणाली, "पन गोल झाला की सर!"

नाव कापले तर तिचा खेळ मी संपवला. नाही कापले तर गुडघा संपवेल. मधले काही आहे का? मला तरी दिसत नाही.

"पट्टी कशी बांधायची, तेवढं दाखवा."

मला खाली बसता येत नाही. तिला वरच्या पायरीवर बसवले, मी खाली उभा राहिलो आणि बांधून दिली. चांगली घट्ट बसली. ती हसली, उठली आणि उतरू लागली.

आधी डावा पाय.