चांदीची तार खोक्यातच आहे

बाबा,

कालपासून आपण दोघं एका छपराखाली गप्प आहोत आणि मला आता कामावर निघायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

काल स्पीकरजवळ वाकून तुम्ही म्हणालात, "चांदीची तार लावल्याबरोबर झांजा कशा लखलखल्या, ऐक!" तेव्हा जोडलेली तार तांब्याचीच होती, चांदीची मी खोक्यातून काढलीही नव्हती. हे मी काकासमोर बोलायला नको होतं. "दादा, कान आहेत की नुसती भोकं?" हे त्याचं वाक्य तुम्हाला किती लागलं, ते तुमच्या भरल्या ताटावरून कळलं.

चांदीतून वीज तांब्यापेक्षा किंचित सहज वाहते, हे खरं. पण आपल्या बैठकीच्या खोलीएवढ्या अंतराला जाड तांबं पुरून उरतं. जे सूर तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, ते तारेत अडकलेले नाहीत, बाबा. स्टुडिओत रेकॉर्डिंग करताना तुम्ही झांजांचा आवाज वाढवत नेता, बाकीचे कानांवर हात ठेवतात, आणि तुम्ही पुन्हा नवी तार मागवता. अशाने हातचं काम जाईल. किती दिवस कानाडोळा करायचा?

आज दुपारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर चांदीची तार जोडू नका.

आत्ताच चपला घालताना तुमच्या पाठीमागून विचारलं, "बाबा, दुपारी याल ना माझ्याबरोबर?" तुम्ही रागावला आहात की तुम्हाला ऐकूच आलं नाही, ते मला कळेना. तुम्ही कपबशी उचललीत आणि आत निघून गेलात.