कोंबडीखाली बदकाची नऊ अंडी

१ मार्च, रवि.
ठरवलं ते केलं. शेजारच्या मंगलची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती, अंडी उबवायला टपलेली, मागून आणली. टोपलीत भुसा, कडेला कोळसा आणि लोखंडी खिळा (गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून), वर बदकाची नऊ अंडी. आपल्या बदकिणींना बसायचा कंटाळा. गंगू अंडं घालून तिकडं बघतसुद्धा नाही. चंपा तर चालता चालता घालते. कोंबडीनं आधी मला टोचलं, मग पंख पसरून बसली.
मागच्या सोमवारी कुत्र्यांनी नर मारला. यापुढची अंडी रिकामीच. म्हणजे ही नऊ शेवटची.

४ मार्च, बुध.
संदीपचा धुळ्याहून फोन. "आई, नर गेला ना? आता त्या दोन म्हाताऱ्या कुणाला तरी देऊन टाक आणि चल इकडे." जानेवारीत मीच बोलून बसले होते, बदकं आहेत तोवर पिंप्राळ्यात, संपली की तुझ्याकडे. आता तो शब्द धरून बसलाय. पोरगा कुणाचा!
सांगितलं, कोंबडी बसवली आहे, एकवीस दिवस भरले की पिल्लं निघतील, बावीस तारखेला. "नाही निघाली तर त्याच दिवशी टेम्पो घेऊन येतो." हो म्हटलं. जिभेला हाड नाही ते असं.
त्याचंही खोटं नाही. जानेवारीत टबापाशी घसरले ती तासभर तशीच पडून. मंगल गच्चीवर कपडे काढायला आली म्हणून दिसले. मलाही भीती वाटली होती. त्याला कबूल केली नाही.

१४ मार्च, शनि.
आज घरात पाऊलच टाकायचं नाही असं ठरवून बागेत. चहाचा थर्मास, पोळी-चटणी, स्टूल. सकाळी नळ आला. टब घासून भरला (बसून घासला, उभ्यानं नाही). दोघी आत. गंगू डोकं बुडवून शेपूट वर, चंपा काठावरच्या काठावर. कडुनिंबाचा मोहर टबात पडत होता, त्या तो चोचीनं गाळत बसल्या.
जुनं पाणी अळूला. मागोमाग दोघी, चिखलातले किडे वेचत. मोगऱ्याला पहिल्या कळ्या. अकरालाच ऊन चढलं. तीन विटा रचून त्यावर गोणपाट टाकलं, कोंबडीला सावली. ती दिवसातून एकदाच उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धावत परत. तेवढ्यात मी अंड्यांवर तळहात ठेवला. गरम.
दुपारी कडुनिंबाखाली डोळा लागला. जाग आली तर चंपा माझ्या चपलेवर बसलेली. दिवसभर कुणाशी बोलले नाही आणि बोलावंसंही वाटलं नाही. धुळ्याला चौथा मजला. बाल्कनीत तुळस आहे म्हणतो.
मी जाणार नाही.
(इथं लिहिणं सोपं आहे.)

१९ मार्च, गुरु.
पाडवा. गुढी उभारली. साक्रीकडच्या गावाहून अक्का आली, यांची थोरली बहीण. हे गेल्यापासून दर पाडव्याला येते, आठ-दहा दिवस राहते. टोपली बघून पहिला प्रश्न, "कितला दिन व्हयनात?" अठरा म्हटलं.

२२ मार्च, रवि.
काही नाही. नऊच्या नऊ जशीच्या तशी.
अक्का: "एकईस दिन व्हयनात. बठ्ठा अंडा गंदा शेतस, फेकी दे."
सगळी फेकायला हात टोपलीपर्यंत गेला होता. मग भडगावच्या भिकननानांना फोन लावला. गिरणेकाठचे, आमची बदकं त्यांच्याकडचीच. ते हसतच सुटले. "कोंबडी बसनी म्हनीसन अंडं कोंबडीनं व्हस का? बदकले अठ्ठाईस दिन लागतस! रोज जरासं पानी शिंपड." मोठी आणलेली बदकं पाळली, अंडी उकडून खाल्ली, पण पिल्लं कधी काढली? कोंबडीचा हिशेब बदकाला लावला. शहाणी बाई.
दुपारी बाराला संदीप आला. टेम्पो खरंच आणला! भिकननानांचं सांगितलं. "आई, तू दर वेळी काहीतरी शोधतेस." रागानं नाही, थकून म्हणाला. जेवला. टबाजवळची शेवाळलेली फरशी स्वतः घासली. जाताना, "एकोणतीसला येतो. मग मात्र कारण नको." मी मान हलवली. होकाराची, असं त्याला वाटलं असणार.

२७ मार्च, शुक्र.
अक्कानं कोमट पाण्याच्या घमेल्यात अंडी सोडली. आत जीव असला की अंडं पाण्यात हलतं म्हणते. चार तळाला, पाच तरंगली. त्यातलं एक हललं. मी ओरडलेच. अक्का म्हणे, पानी हाललं.
पुसून परत ठेवली. अक्का बघत होती. म्हणाली, "तुले जावानं नही ते सरळ सांग ना पोऱ्याले. कोंबडीना आडे काय लपस?"
चिडून भाजी निवडायला गेले. अख्खी मेथी निवडून झाली तरी तेच डोक्यात. नऊ अंडी नासली तर मी काय करणार होते, धुळ्याला जाणार होते?

२९ मार्च, रवि.
आज अठ्ठावीस पूर्ण. कोंबडी पहाटेपासून उठलेली नाही, दाण्यालाही नाही. खाली हात घालू देत नाही.
मी वाट बघितली नाही. नऊला संदीपला फोन केला. म्हटलं, पिल्लं निघोत न निघोत, मी येत नाही. बदकं निमित्त होती, ते खोटं बोलले, माझं चुकलं. टबाजवळ कठडा बसवते. मंगलकडे एक किल्ली ठेवते. सकाळ-संध्याकाळ तुला फोन. पडले तर पडले, उचलायला ये. पण हे घर, ही बाग सोडून येत नाही.
फोनमध्ये गाड्यांचे हॉर्न. मग म्हणाला, "मी निघालोय आई. पारोळ्यात आहे."
"टेम्पो घेऊन?"
"आल्यावर बोलू."
अक्कानं वरणाला फोडणी दिली. मी टोपलीजवळ स्टूल टाकून बसले आहे. दहा वाजलेत, येईलच आता. सामान काहीच बांधलेलं नाही.