दोन गोल म्हणजे बाद

५ जानेवारी, सकाळ
आजपासून नात दिव्याच्या अभ्यासाची जबाबदारी माझी. आठवीची स्कॉलरशिप परीक्षा पुढच्या महिन्यात. मुलगा प्रीतम आणि सून रुपाली दोघंही कंपनीत, शिफ्ट वेगवेगळ्या. घरी उरतो मी. काल जेवताना प्रीतमने स्पष्ट सांगितलं. गुणवत्ता यादीत नाव आलं तर पोरगी इथंच चाकणला शिकेल, नाहीतर नववीपासून लातूरला, वसतिगृहात. लातूर चांगलंच आहे. माझं काही म्हणणं नाही. रात्री झोप लागली नाही ती वांग्याच्या भाजीमुळे.

७ जानेवारी
टाइमटेबल केलं. पहाटे पाचला गणित. दिव्या उठली नाही. मी तीनपासून जागा होतो. म्हणजे घरातल्या कुणीतरी वेळ पाळली.

१४ जानेवारी
गणित शिकवायला बसलो. माझी सातवी झालीय, पण ती जुनी सातवी. आताच्या गणितात आकड्यांपेक्षा अक्षरं जास्त. शेवटी दिव्यानेच मला समजावलं. समजलं नाही. पण तिची उजळणी झाली, आणि शिकवायची खरी पद्धत हीच.

१९ जानेवारी
बरं झालं वेळेवर लक्षात आलं. सराव पेपरात पोरगी काही प्रश्नांना दोन-दोन गोल काळे करते. म्हटलं, हे काय? म्हणाली, आठवीला काही प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असतात, दोन्ही रंगवावी लागतात, जयमाला मॅडमनी वर्गात सांगितलंय. मला हसू आलं. कंपनीत युनियनच्या निवडणुकीला दरवेळी मतमोजणीला मी बसायचो. कागदावर दोन शिक्के दिसले की मत बाद, मग मारणारा कितीही शहाणा असो. इथं तर मोजायला मशीन. मशीनला दयामाया कुठली? मॅडम तरुण आहेत. कंत्राटी आहेत असंही ऐकतो.

२० जानेवारी
रुपाली म्हणाली, शाळेत जाऊन एकदा विचारून या. मॅडमना उगाच त्रास कशाला? गेलो नाही.

२८ जानेवारी
घरमालक यशवंतराव खाली बाकड्यावर भेटले. इथले जुने जमीनवाले. त्यांना परीक्षेचं सांगत होतो, तर मध्येच तोडलं. "आरं ज्योतीराम, परीक्षा पोरीची हाय का तुझी? ती ठणठणीत दिसती, तूच वाळत चाललायस." चारचौघं हसले. ज्यांच्या नातवंडांना दहावीआधीच बुलेट मिळते त्यांना काय कळणार? वजन मात्र दोन किलो घटलंय. मेडिकलवाल्याचा काटा खराब असावा.

३ फेब्रुवारी
दिव्या नीट जेवत नाही. टेन्शन घेऊ नको असं मी तिला तासातासाला सांगतो. तरी जेवत नाही. रुपालीचं म्हणणं, मी सांगायचं थांबवावं. उद्यापासून दोन तासांनी सांगेन.

८ फेब्रुवारी, रविवार
परीक्षा. केंद्र राजगुरुनगरला. हायवेला कांद्याचे ट्रक अडकलेले असतात म्हणून अंधारातच निघालो. एकही ट्रक नव्हता. शाळेचा शिपाईसुद्धा आला नव्हता. पोरगी थंडीत कुडकुडली, पण उशीर झाला नाही.

आत जाताना तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. एक प्रश्न, एक गोल.

पहिला पेपर सुटला तेव्हा गेटपाशी आली ती रडवेली. म्हणाली, "आबा, प्रश्नाखालीच लिहिलं होतं, दोन पर्याय निवडा म्हणून. सगळ्यांनी दोन केले. मी एकच केला."

मी म्हटलं, "तोच सापळा असतो बाळा. सगळे फसतात म्हणून तर यादी छोटी लागते."

डबा उघडला नाही. दुसऱ्या पेपरला जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. एकाग्रता चांगली आहे.

२० फेब्रुवारी
सरकारची उत्तरसूची आली. जयमाला मॅडमचा रुपालीला फोन. त्या प्रश्नांना खरंच दोन-दोन उत्तरं आहेत म्हणे, आणि एकच रंगवलं तर गुण नाही. मी सांगितलं, सूची अंतरिम आहे, म्हणजे कच्ची. यावर आक्षेप घेता येतो. तो मोबाइलवरून घ्यायचा असतो. मोबाइल चार्जिंगला आहे.

२५ एप्रिल
निकाल. दुसऱ्या पेपरात दिव्या शाळेत पहिली. त्यात तिने दोन-दोन गोल केले होते. म्हणजे माझी शपथ मोडली. मला काही झालं नाही, तेवढं बरं. पहिल्या पेपरात बुडाली. यादी थोडक्यात हुकली.

प्रीतमने तिला समोर उभं करून विचारलं, पहिल्यात दोन का रंगवले नाहीस? मी घसा खाकरला. सांगणारच होतो. त्याआधी दिव्या म्हणाली, "विसरले, पप्पा."

मग प्रीतम बराच वेळ बोलत होता. साधी सूचना न वाचणाऱ्या पोरीला लातूरचीच शिस्त पाहिजे, म्हणाला. ती खाली बघून ऐकत होती. मी मध्ये पडलो नाही. बाप-लेकीच्या बोलण्यात आपण पडू नये.

१० मे
प्रीतमला काय ते सांगून टाकायचं ठरवलं. त्याची सेकंड शिफ्ट, थकून येतो. परवा सांगेन.

६ जून
ओव्हरटाइम चालू आहे त्याचा. सवड मिळत नाही. दिव्याची पत्र्याची पेटी दारात भरून ठेवलीय. येता-जाता पायाला लागते.

१५ जून
दोघं दिव्याला लातूरला सोडून आले. रुपालीने आल्यावर मला चहा दिला. कप ठेवून आत निघून गेली.

२१ जून, रविवार
वसतिगृहातून दिव्याचा फोन. रविवारी पाच मिनिटं देतात. काय-काय सांगायचं ते मी कालच ठरवून ठेवलं होतं. नमस्कार म्हणून झाल्यावर तीच आधी म्हणाली, "आबा, अभ्यासाचं सोडून काहीही बोला हं."

बरं म्हटलं. जेवलीस का विचारलं. जेवले म्हणाली. मग काही सुचेना. तीही थांबली होती, ठेवत नव्हती. मागे पोरींचा गलका ऐकू येत होता. शेवटी मीच म्हटलं, तुझ्यामागे रांग असेल, दे त्यांना फोन.

वेळ बराच उरला होता.