पहिल्या खेपेला 'हो'

प्रिय ग्रॉन्या,

माझं पत्र आलं म्हणजे कुणी गेलं असं समजून खुर्ची शोधू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. शाळेनं मला तेराव्या वर्षी सोडलं, शुद्धलेखनही तिथंच राहिलं. सांभाळून घे.

इथं नॉर्वेत बोगदा बराच आत गेलाय. मला एका जागी बसवत नाही, पण या डोंगरानं सात महिने धरून ठेवलंय. पहिल्या दिवशी स्वयंपाकिणीनं आणखी बटाटे वाढू का विचारलं. मी घरच्या सवयीनं नको म्हणालो, तर बाई भांडं उचलून चालती झाली. आपल्याकडे आयर्लंडात दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, तुझ्या शब्दाखातर' म्हणत ताट पुढं करायचं. इथं एकदाच विचारतात. उपाशीपोटी हसलो होतो तेव्हा.

पुढं मार्चमध्ये मुकादम म्हणाला, भाची आजारी आहे ना तुझी, आठवडाभर जाऊन ये, पगार कापणार नाही. माझ्या तोंडून निघालं, नको, आमचं ठीक आहे. त्यानं मान डोलावली आणि सुट्टी दुसऱ्याला दिली. तुझ्या सोरखाच्या सहाव्या वाढदिवसाला आलो नाही, तेव्हा मी तुला कामाचं कारण सांगितलं. ते खोटं होतं.

आता तुझ्या मार्टिनकडून कळलं की डब्लिनच्या इस्पितळात एक डच बाई आली होती, आजारी मुलांच्या घरांना मदत करणाऱ्या संस्थेची. उपचार संपेपर्यंत मासळीच्या कारखान्यातला तुझा पगार भरून देऊ आणि डब्लिनमध्ये राहायला खोलीही देऊ, असं म्हणाली. आणि तू म्हणालीस, आमच्याहून गरजू पुष्कळ आहेत. तिनं कागद मिटला. तुझा नवराच सांगतो, ती वळून पुन्हा विचारील म्हणून तू किती तरी वेळ दाराकडे बघत होतीस. अगं, ती कशाला वळेल? तिला वाटलं, तू खरंच सांगतेयस. आता मार्टिन घरी जुळ्यांना सांभाळतो, तू सोमवारी मासे कापायला गॉलवेला परततेस आणि गुरुवारपर्यंत पोर इस्पितळात एकटी. मी पाठवतो ते पुरत नाही, आणि तेही तू दोनदा परत केलंस.

रविवारी सोरखाशी बोललो. सुई टोचताना जवळ कोण असतं, असं विचारलं. म्हणाली, "कुणी नको, फेस्टी. मी ठीक आहे." सहा वर्षांची पोर, ग्रॉन्या. हे तिनं तुझ्याकडून आणि माझ्याकडूनच उचललंय.

म्हणून काल मी त्या डच बाईला फोनवर गाठलं. बाई चांगली आहे, पण म्हणते, होकार आईच्या तोंडून यायला हवा. पुढच्या शुक्रवारी दहा वाजता ती तुला फोन करील. एकदाच विचारील. तिला गरजूंची नावं सांगत बसू नकोस, हवापाण्याच्या गप्पा मारू नकोस. तुझ्या पाठीमागं हे केलं म्हणून माझ्यावर चिडायचंय, तर खुशाल चीड, पण नंतर. आधी 'हो' म्हण. आणि सोमवारी कारखान्यात न जाता सोरखाच्या उशाशी बस. मी ठीक आहे, तू जा, असं ती म्हणेल. उठू नकोस.

तुझाच आगाऊ भाऊ,
फेस्टी